टॅपेट थोडे वाजू देत

अगं, परवा फोनवर तू म्हणालीस, ‘ताई, बाबांची बुलेट फार टकटक करते, टॅपेट एकदम गप्प करून आणते.’ तेव्हापासून ते माझ्या डोक्यातून जात नाहीये. राणी, एकदम गप्प नको करूस. आणि आणायला कुठे जायचंही नाही, हे काम तुझं तू घरी करायचंस.

आधी ती टकटक कसली ते समजून घे. कॅम टॅपेटला उचलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला आणि रॉकर व्हॉल्व्ह उघडतो. एवढ्या सांध्यांमध्ये किंचित मोकळीक लागतेच. इंजिन तापलं की व्हॉल्व्हची दांडी लांबते. मोकळीक नसेल तर व्हॉल्व्ह आपल्या सीटवर नीट बसतच नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची उष्णता तर मुख्यतः सीटवाटेच बाहेर पडते. सीटला टेकला नाही की फटीतून पेटता वायू निसटत राहतो आणि व्हॉल्व्हची कड जळते. कॉम्प्रेशन जातं, किक पोकळ लागते, गाडी चढावर दम टाकते. घट्ट टॅपेटची गाडी कानाला छान लागते गं, म्हणून तर फसायला होतं. सैल टॅपेट निदान ओरडून सांगतो, घट्ट टॅपेट आतल्या आत व्हॉल्व्ह खातो.

तुझी गाडी जुनी, कास्ट आयर्न इंजिनाची, म्हणून हे सगळं तुझ्या हातात आहे. 2009 मध्ये आलेल्या क्लासिकच्या यूसीई इंजिनात टॅपेट हायड्रॉलिक असतात, तिथे हे सेटिंगच नसतं. दुसऱ्या बऱ्याच गाड्यांना मिलिमीटरच्या शतांशात मोजायला फिलर गेज लागतो. तुला लागतात बोटं.

इंजिन मात्र पूर्ण थंड हवं. संध्याकाळी फिरवून आणून रात्री कामाला बसशील, तर ते नाही चालायचं. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी मेन स्टँडवर घे, प्लग काढ, टॉप गिअर टाक आणि मागचं चाक हाताने हळूहळू फिरव. प्लगच्या भोकावर अंगठा ठेव. हवा अंगठ्याला बाहेर ढकलू लागली की समज, कॉम्प्रेशनचा स्ट्रोक आहे. मग शीतपेयाची लांब स्ट्रॉ आत सोड. ती वर येता येता थांबेल, तिथे पिस्टन अगदी वर. इथे घाई नको, कारण पिस्टन दुसऱ्यांदाही वर येतो आणि तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह थोडे उघडे असतात. त्या जागी सेटिंग केलंस तर सगळंच चुकेल.

आता उजव्या बाजूचं टॅपेट कव्हर उघड. थोडं ऑइल गळेल, खाली ट्रे ठेव. आत दोन पुशरॉड दिसतील. एकेक चिमटीत धरून फिरवून बघ. समईची वात वळतो तसा तो सहज फिरायला हवा आणि तरी वर-खाली अजिबात हलता कामा नये. फिरतच नसेल तर घट्ट, वर-खाली खडखडला तर सैल. त्याच्या खालच्या टोकाशी अ‍ॅडजस्टर आणि लॉकनट आहे. पाने पातळ घे, जाड पाना त्या अडचणीत शिरत नाही. लॉकनट सैल कर, अ‍ॅडजस्टर अगदी थोडासा फिरव, पुन्हा चिमटीत धरून बघ.

खरी गोम यापुढे आहे. सेटिंग मनासारखं जमतं, लॉकनट आवळला की तेवढ्यात अ‍ॅडजस्टरही जरासा वळतो आणि पुशरॉड जाम होतो. म्हणून एक पाना अ‍ॅडजस्टरला घट्ट धरून ठेवायचा, दुसऱ्याने नट आवळायचा आणि आवळून झाल्यावर पुन्हा फिरवून बघायचं. जाम लागला तर परत सोडायचं. किती वेळा सोडावं लागलं हे मनाला लावून घेऊ नकोस. नट आवळल्यानंतर जे बोटांना लागतं तेच खरं सेटिंग. मग चाक हळूहळू फिरवून इंजिनाचे दोन फेरे होऊ दे, पिस्टन पुन्हा त्याच जागी आण आणि दोन्ही पुशरॉड परत तपास.

कव्हरचं गॅस्केट आधीच नवं आणून ठेव, जुनं बहुतेक वेळा उघडताना फाटतं. कव्हरचा नट जोर लावून आवळू नकोस, त्यानेच ऑइल गळायला लागतं.

गाडी चालू झाली की हलकी टिकटिक राहील. कुणीतरी शेजारचा येऊन सांगेलच, ‘टॅपेट वाजतायत, टाइट करून घ्या.’ त्याचं ऐकून घे, पण पाना हातात देऊ नकोस. तीन-चारशे किलोमीटर चालव, मग परत एकदा थंड इंजिनावर बोटांनी तपास. आणि रविवारी हे काम संपवून पहिली किक मारायच्या आधी मला फोन लाव, स्पीकरवर इंजिनाजवळ धर. मलाही ऐकायचंय.