गाडी पाणी खाते, ते जाते कोठे?
जुन्या जीप, मोटार व ट्रॅक्टरमधील रेडिएटरच्या पाण्याच्या गळतीचे निदान

जुनी डिझेल जीप, मोटार किंवा ट्रॅक्टर बाळगणाऱ्या शेतकऱ्याकडे सीटमागे पाण्याचा एक कॅन हमखास असतो. सकाळी रेडिएटरचे झाकण काढावयाचे, तांब्या-दोन तांबे पाणी ओतावयाचे आणि बाजाराची वाट धरावयाची, असा अनेकांचा शिरस्ता आहे. ‘गाडी थोडे पाणी खाते, बाकी काही नाही’ असे सांगितले जाते. हे वर्ष-दोन वर्षे चालतेही. मग मे महिन्यात भरलेली गाडी खंबाटकीसारख्या घाटात चढत असताना इंजिन एकाएकी ओढेनासे होते, बॉनेटमधून वाफ येते आणि पुढचा खर्च हेड, गॅस्केट, पिस्टन व लायनरचा असतो. मूळ दोष मात्र पुष्कळदा एखाद्या होज पाइपच्या क्लिपेत किंवा झाकणाच्या रबरात असतो.

रेडिएटर, इंजिन आणि पंप मिळून पाण्याची एक बंद साखळी होते. ती निर्दोष असेल तर पाणी महिनोन्‌महिने घालावे लागत नाही. पाणी घालावे लागते याचा अर्थ ते कोठून तरी बाहेर जात आहे. ते कोठून जाते हे शोधण्याचे बरेचसे काम शेतकऱ्याला स्वतः घरी करता येते. एकच पथ्य कटाक्षाने पाळावे. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नये. आतील पाणी दाबाखाली असते व झाकण सैल होताच उकळून तोंडावर येते. वरचा होज हाताला पूर्ण थंड लागेपर्यंत थांबावे.

पाणी खरोखर कमी होते काय?

हा प्रश्न विचित्र वाटेल, पण तपासणी येथूनच सुरू करावी. पाणी तापले की फुगते. १० लिटर पाणी २५ अंश सेल्सिअसवरून ९० अंशांपर्यंत तापले तर ते सुमारे ३०० मिलिलिटरने, म्हणजे मोठ्या पेलाभराने वाढते. नव्या मोटारींत हे वाढलेले पाणी बाजूच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत जाते आणि इंजिन थंड झाल्यावर परत ओढले जाते. जुन्या जीप व ट्रॅक्टरमध्ये बहुधा अशी बाटली नसते; जादा पाणी नळीवाटे रस्त्यावर पडते. म्हणजे मालक रोज गळ्यापर्यंत पाणी भरतो, गाडी रोज पेलाभर बाहेर टाकते आणि ‘पाणी खाते’ असा तिच्यावर आळ येतो.

अशा गाडीत पाणी गळ्याच्या दोन-तीन सेंटिमीटर खाली ठेवावे. थंड इंजिनात स्वच्छ काडी बुडवून पातळीची खूण करावी आणि चार-पाच दिवस पाणी न घालता रोज सकाळी, गाडी त्याच सपाट जागी उभी असताना, काडीने मोजावे. पातळी एकदा उतरून स्थिर राहिली तर गळती नाही. रोज उतरतच गेली तर पुढे शोधावे. मात्र आतील नळ्या उघड्या पडण्याइतके पाणी उतरले तर मोजणी थांबवून भर घालावी.

झाकणाकडे दुर्लक्ष नको

रेडिएटरचे झाकण म्हणजे नुसता डबा बंद करण्याचे टोपण नव्हे. त्यात स्प्रिंगवर बसविलेली झडप असून ती ठराविक दाबापर्यंत पाणी रोखून धरते. पुण्यासारख्या पठारी भागात उघड्या भांड्यातील पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते. झाकणावर ०.९ किंवा १३ असा आकडा असेल आणि ते नीट काम करीत असेल, तर तेच पाणी सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाचे रबर कडक झाले, चिरले किंवा स्प्रिंग मऊ पडली की हा लाभ जातो, घाटात पाणी लवकर उकळते आणि नळीतून निघून जाते. इंजिन, पंप, रेडिएटर सगळे ठीक असूनही पाणी कमी होते.

झाकणाच्या मध्यभागी दुसरी लहान झडप असते. थंड होताना आत निर्माण होणारी पोकळी ती भरून काढते. गाडी थंड झाल्यावर वरचा होज चेपल्यासारखा चपटा दिसत असेल तर ही झडप चिकटली आहे असे समजावे. झाकण बदलताना मूळ आकड्याचेच घ्यावे. जास्त दाबाचे झाकण बसविले तर जुन्या रेडिएटरचे सांधे उकलतात. गळ्याची कड वाकलेली असेल तर नवे झाकणही बसत नाही, तेव्हा तीही बोट फिरवून पाहावी.

बाहेरील गळती

साधे पाणी गरम इंजिनावर पडताच वाळते, म्हणून दिवसा गळती सापडत नाही. इंजिनावरील तेल व चिखल धुऊन काढावा, कोरडे करावे आणि रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा पसरावा. सकाळी डाग कोठे आहे ते पाहून त्याच्या सरळ वर शोधावे. मात्र पाणी चासीवरून ओघळत दूर जाऊन ठिबकू शकते. वातानुकूलित मोटारीखाली प्रवाशाच्या बाजूस पडणारे स्वच्छ पाणी यंत्रणेतील दव असते, त्याची चिंता करू नये.

ठिबक दिसली नाही तरी ओघळाची खूण राहते. बोअरच्या जड पाण्याची खूण पांढरी, गंजक्या पाण्याची तांबूस आणि कूलंटची हिरवी वा गुलाबी असते. वॉटर पंपाखाली एक बारीक छिद्र ठेवलेले असते. आतील सील झिजले की पाणी तेथून येते. तेथे ओघळ दिसल्यास छिद्र बुजवू नये. काही जण एम-सील लावतात, मग पाणी बेअरिंगमध्ये शिरते व पंखा निखळून रेडिएटरमध्ये घुसण्याची वेळ येते. पंखा हाताने पुढे-मागे हलवून पाहावा. खेळ जाणवला तर पंप उतरवावा.

होज पाइप क्लिपेजवळ दाबून पाहावेत. तेल लागून पिलपिला झालेला किंवा वाकविल्यावर बारीक तडे दाखविणारा होज बदलावा. काही गळत्या फक्त थंडीत पहाटे होतात, कारण धातू आकसून क्लिप सैल पडते. इंजिन तापले की त्या आपोआप बंद होतात. उलट रेडिएटरच्या नळीतील केसासारखी चीर दाब आल्याशिवाय उघडत नाही. याचसाठी गॅरेजमधील हातपंपाची दाब चाचणी उपयोगी पडते. थंड इंजिनावर झाकणाच्या जागी पंप बसवून झाकणावरील आकड्याइतकाच दाब द्यावयाचा आणि दहा मिनिटे काटा पाहावयाचा. काटा उतरला आणि बाहेर थेंब दिसला तर जागा सापडली. काटा उतरला पण बाहेर सगळे कोरडे, तर संशय आतील गळतीवर जातो. हीटर असलेल्या मोटारीत त्याआधी पुढील पायाखालचे जाजम ओले आहे काय आणि काचेवर आतून चिकट धुके धरते काय, हे पाहावे.

आधी तापते की आधी पाणी जाते?

मिस्त्रीकडे जाण्यापूर्वी मालकाने याचे उत्तर तयार ठेवावे. पाणी गेल्याने इंजिन तापते, तसेच इंजिन तापल्याने पाणी जाते. मळणीच्या हंगामात ट्रॅक्टरच्या रेडिएटरच्या जाळीत भुसकट व पाचोळा अडकतो, हवा आरपार जात नाही आणि पाणी उकळून बाहेर पडते. येथे गळती शोधणे व्यर्थ आहे. जाळी पंख्याच्या बाजूकडून बाहेरच्या दिशेने हलक्या धारेने धुवावी. जोराच्या धारेने पाती वाकतात. फॅन बेल्ट सैल असला तरी हेच घडते. ठिबक नाही, साध्या रस्त्यावर पातळी टिकते आणि केवळ ओझ्याखाली पाणी जाते, असे असेल तर प्रथम जाळी, बेल्ट व झाकण पाहावे. आतील गॅस्केटची किरकोळ गळतीही सुरुवातीस ओझ्याखालीच जाणवते, म्हणून ही तिन्ही ठीक निघाल्यास पुढील चाचण्या कराव्यात.

न दिसणारी गळती

पाणी जाते, पण जमिनीवर पडत नाही, तेव्हा ते सिलिंडरमध्ये किंवा तेलात जात असते. हेड गॅस्केट जळणे, हेडला चीर जाणे किंवा लायनरखालील रबरी रिंगा खराब होणे ही त्याची नेहमीची कारणे आहेत. मारुती ८०० सारख्या गाडीचे हेड ॲल्युमिनियमचे असल्याने एकदाच फार तापले तरी वाकू शकते.

थंड इंजिन सुरू केल्यावर एका मिनिटात, पाणी तापण्याच्या आत, वरचा होज दगडासारखा टणक झाला तर सिलिंडरमधील वायू पाण्यात घुसत आहे. याची खात्री घरी करता येते. थर्मोस्टॅट काढून होज परत बसवावा, फॅन बेल्ट उतरवावा म्हणजे पंप फिरणार नाही, आणि रेडिएटर गळ्यापर्यंत भरावा. झाकण न लावता इंजिन सुरू करून दोन-तीनदा रेस द्यावी. सुरुवातीस अडकलेली हवा निघते ती सोडून द्यावी. बुडबुडे एकसारखे येत राहिले किंवा पाणी उसळले तर गॅस्केट अथवा हेड गेले आहे. चाचणी एका मिनिटात आटपावी व तोंड गळ्यावर आणू नये. ज्या मोटारीत पंप टायमिंग बेल्टवर चालतो तेथे ही रीत वापरू नये. गॅरेजमध्ये गळ्यावर निळे द्रावण धरून हीच परीक्षा होते. सिलिंडरमधील वायूने त्याचा रंग बदलतो.

जाता जाता थर्मोस्टॅटविषयी. आपल्याकडील पुष्कळ जुन्या गाड्यांतून मिस्त्रीने तो कधीच काढून टाकलेला असतो. त्यामुळे इंजिन गरजेपेक्षा थंड चालते, डिझेल जास्त लागते व सिलिंडर लवकर झिजतात. चाचणीसाठी काढलेला थर्मोस्टॅट आठवणीने परत बसवून घ्यावा.

हिवाळ्यात सकाळी सायलेन्सरमधून थोडी वाफ येणे स्वाभाविक आहे. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर टिकला तर मात्र तपासावे. न जळलेल्या डिझेलचा धूरही पांढरा असतो, पण त्याला उग्र वास येऊन डोळे चुरचुरतात.

तेलात पाणी असल्यास डिपस्टिकवर दुधाळ चहासारखा रंग दिसतो. थोडे पाणी असेल तर तेथे काही कळत नाही. अशा वेळी गाडी रात्रभर उभी ठेवावी आणि सकाळी सुरू न करता चेंबरचा खालचा बोल्ट हळूहळू सैल करावा. पाणी तेलापेक्षा जड असल्याने तळाशी बसते व तेच आधी बाहेर येते. पाणी निघाल्यास इंजिन मुळीच चालवू नये. बेअरिंग फार काळ टिकत नाहीत. तसेच रात्री उभ्या असलेल्या गाडीचा स्टार्टर सकाळी अर्ध्यावर अडकला तर धक्का मारून किंवा ट्रॅक्टरने ओढून सुरू करण्याचा हट्ट धरू नये. सिलिंडरमध्ये पाणी साचले असेल तर ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. प्रथम इंजेक्टर किंवा प्लग काढून इंजिन फिरवावे.

हळद, अंडे आणि बोअरचे पाणी

वाटेत रेडिएटर गळू लागल्यास मूठभर हळद टाकण्याचा उपाय सर्वत्र ठाऊक आहे. कोणी अंडेही टाकतात. बारीक चीर यामुळे काही काळ बुजते, पण त्याबरोबर रेडिएटरच्या अरुंद नळ्याही बुजतात. घर गाठण्यापुरते हे करावे व नंतर रेडिएटर धुऊन सांधावा. उकळलेल्या इंजिनात थंड पाणी एकदम ओतणे तर हळदीपेक्षाही वाईट, कारण त्याने हेडला चीर जाते. अर्धा-पाऊण तास थांबणे फार स्वस्त पडते.

बोअरच्या जड पाण्याने आत चुन्याचा थर धरतो. पावसाचे गाळून ठेवलेले किंवा बॅटरीचे पाणी वापरावे आणि त्यात कूलंट मिसळावे. कूलंट फक्त बर्फाच्या मुलखासाठी असते ही समजूत चुकीची आहे. आपल्याकडे त्याचा मुख्य उपयोग गंज रोखण्यासाठी आहे. डिझेल इंजिनात लायनर सतत कंप पावतो, त्याच्या बाहेरील बाजूस बारीक बुडबुडे फुटतात आणि नुसत्या पाण्यात धातूला सुईसारखी छिद्रे पडत जातात. डिझेलसाठी योग्य असलेल्या कूलंटमधील रसायने याला आळा घालतात. तयार मिश्रण विकत घेतले असेल तर त्यात पाणी घालू नये आणि दोन वेगळ्या जातींचे कूलंट एकत्र करू नयेत.

काढलेले जुने कूलंट गोठ्याजवळ किंवा चारीत ओतू नये. बहुतेक कूलंटमधील इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी असते. कुत्री व वासरे ते चाटतात. झाकणाच्या डब्यात भरून, त्यावर नाव लिहून, मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे आणि गॅरेजला परत द्यावे.