वास्तुशांतीचा दिवस आणि पाहुण्यांचा मुक्काम

महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय कुटुंबात नवे घर ही केवळ घेणाऱ्या दांपत्याची मालमत्ता नसते. गावाकडचे आई-वडील, सासू-सासरे, भावंडे, आत्या-मावश्या या सर्वांचा त्या घरावर जिव्हाळ्याचा हक्क असतो आणि ‘एकदा घर बघून जातो’ या वाक्यात तो हक्क आणि कौतुक ही दोन्ही असतात. हा हक्क पूर्णपणे मान्य करूनच पुढील विवेचन केले आहे. गृहप्रवेशाचा मुहूर्त ठरला की नातेवाइकांचा मुक्कामही त्याच दिवसापासून सुरू होणार, असे जवळजवळ सर्वत्र गृहीत धरले जाते आणि अडचणींचे मूळ बहुधा या गृहीतातच असते. वास्तुशांती, म्हणजे नव्या वास्तूत राहायला जाताना केला जाणारा धार्मिक विधी, हा एका दिवसाचा सोहळा असून त्यासाठी देवाची मांडणी, एक शेगडी आणि पंगतीपुरती मोकळी जागा एवढे पुरते. मुक्कामासाठी मात्र घर राहते झालेले असावे लागते. सोहळा आणि मुक्काम यांत जाणीवपूर्वक अंतर ठेवावे, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

घर राहते होणे म्हणजे काय, हे कायद्याच्या परिभाषेतून कळत नाही. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत मंजूर नकाशानुसार बांधली असून ती राहण्यास योग्य आहे असे स्थानिक प्राधिकरणाने दिलेले लेखी प्रमाणपत्र, मिळाल्यानंतर दोन महिन्यांच्या आत ग्राहकाने सदनिकेचा ताबा घ्यावा, असे स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ सांगतो. पण ताब्याच्या दिवशी हाती येते ती कोरी सदनिका. सुतारकाम, पडदे, पंखे, गॅसजोडणीचे स्थलांतर आणि घरकामाला येणाऱ्या बाईची सोय हे सारे त्यानंतर सुरू होते, आणि नेमक्या त्याच आठवड्यांत मुहूर्त आलेला असतो.

येथे ज्या कुटुंबाचा अनुभव आधाराला घेतला आहे, त्याने पुण्याच्या सीमेवरील नव्या गृहसंकुलात सदनिका घेतली आणि साडेतीन मुहूर्तांपैकी एक म्हणून अक्षय्य तृतीयेला वास्तुशांती केली. शाळांना सुट्टी लागलेली होती, त्यामुळे पूजेला आलेली दोन्हीकडची माणसे मुलाबाळांसह राहिली. त्यात वावगे काहीच नव्हते, कारण मे महिन्यात एकत्र जमणे हीच मराठी घरांची जुनी रीत आहे. परंतु अक्षय्य तृतीया वैशाखात येते आणि वैशाख हा पाणीटंचाईचाही काळ असतो. शहराच्या वाढत्या कडेवरील अनेक संकुलांत महापालिकेची नळजोडणी अपुरी असते किंवा ती अद्याप मिळालेलीच नसते, आणि सारा पुरवठा विंधनविहीर व टँकर यांवर चालतो. सांडपाणी वाहिन्या असलेल्या शहरांसाठी पाणीपुरवठ्याच्या शासकीय नियोजनात दरडोई दररोज १३५ लिटरचा मापदंड धरतात. त्या हिशेबाने चौघांच्या कुटुंबाला रोज ५४० लिटर पाणी पुरते, तर त्यात सहा पाहुणे मिळवले की गरज १,३५० लिटरांवर जाते, आणि तीही अशा इमारतीत जिथे ठरावीक वेळीच पाणी सोडण्याचा निर्णय व्यवस्थापनाने घेतलेला असतो. या कुटुंबात पाण्याची ओढाताण सुरू झाली, तेव्हा बोलणी पाण्याविषयी न राहता ‘इतके पैसे घालून असे घर का घेतले’ या प्रश्नाकडे वळली, आणि तो प्रश्न घरातल्या सुनेला अधिक लागला, कारण घर निवडण्यात तिचा वाटा मोठा होता. म्हणून मुक्कामाचे निमंत्रण देण्यापूर्वी संकुलात उन्हाळ्यात पाणी कुठून येते, किती वेळ येते आणि टँकरचा खर्च कोणात विभागला जातो, या तीन गोष्टी व्यवस्थापनाकडून आणि आधीपासून राहणाऱ्या शेजाऱ्यांकडूनही विचारून घ्याव्यात. शेजाऱ्यांचे उत्तर अधिक भरवशाचे असते.

पाणी येण्याइतकाच ते वाहून जाण्याचा प्रश्न महत्त्वाचा आहे. न्हाणीघरातील पाणी ज्या जाळीखालच्या वाटीतून खालच्या नळात जाते, तिला प्लंबर नहाणी ट्रॅप म्हणतात. फरशीचे काम चालू असताना सिमेंटचा गाळ आणि फरशीचे तुकडे त्यात उतरतात आणि दोन माणसांच्या वापरात त्याचा पत्ताही लागत नाही. आठ-दहा जणांच्या आंघोळी एकामागून एक झाल्या की पाणी तुंबते, उंबरठ्यापर्यंत येते, आणि जलरोधक थर कच्चा असेल तर खालच्या सदनिकेच्या छताला ओल धरते. ज्यांची अजून नीट ओळखही झालेली नाही अशा शेजाऱ्यांशी पहिले बोलणे तक्रारीचे व्हावे, हे कोणत्याही नव्या कुटुंबाला जड जाते, आणि पाहुण्यांसमोर ते अधिकच जड जाते. यावर उपाय सोपा आहे. पाहुणे येण्यापूर्वी प्रत्येक ट्रॅप उघडून साफ करून घ्यावा, न्हाणीघराची मोरी बुचाने बंद करून फरशीवर पाणी साठवावे, ते किमान एक दिवस तसेच राहू द्यावे आणि खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांना विनंती करून त्यांचे छत पाहावे. ही चाचणी फर्निचरचे काम सुरू होण्याआधी केल्यास उत्तम, कारण वर उल्लेखिलेल्या अधिनियमाच्या कलम १४ नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातील, कारागिरीतील किंवा सेवांच्या गुणवत्तेतील दोष निदर्शनास आणल्यास विकासकाने तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. आणि सुतारकाम व घरातील वर्दळ सुरू झाल्यावर तोच दोष वापरामुळे किंवा तोडफोडीमुळे झाला असे म्हणण्यास विकासकाला वाव मिळतो. प्रत्येक खोलीची तारीख दिसणारी छायाचित्रे आणि ईमेलने पाठवलेली तक्रार ही पाहुणे येण्याआधीची कामे आहेत; घर भरल्यावर त्यांना कोणालाही सवड होत नाही.

हवेविषयी फार थोडे बोलले जाते, म्हणून येथे थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक वाटते. नव्या कपाटांचा आणि पलंगांचा जो उग्र वास ‘नव्या घराचा वास’ म्हणून कौतुकाने हुंगला जातो, त्यात रंग व पॉलिशमधून उडणारी सेंद्रिय द्रावणे असतात, तसेच प्लायवूड आणि भुशापासून दाबून केलेल्या फळ्या जोडणाऱ्या डिंकातून निघणारा फॉर्मल्डिहाइड हा वायू असतो. या वायूने डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो, दमेकऱ्यांचा त्रास वाढू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये त्याचा समावेश मानवात कर्करोग घडवणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या गटात केला. थोड्या दिवसांच्या मुक्कामाने कोणी घाबरून जाण्याचे कारण नाही, परंतु उष्णता आणि दमटपणा वाढला की हा वायू अधिक प्रमाणात सुटतो, हे ध्यानात घेतले तर पॉलिश ताजे असलेल्या, खिडक्या लावून वातानुकूलन यंत्र चालवलेल्या खोलीत तान्हे मूल किंवा दमा असलेले आजोबा यांची निजण्याची सोय करणे योग्य ठरत नाही. काम संपल्यावर काही आठवडे कपाटांची दारे व खिडक्या उघड्या ठेवाव्यात, आणि त्या आधीच पाहुणे आले तर त्यांना सर्वांत कमी फर्निचर असलेल्या खोलीत, बहुधा दिवाणखान्यात, गाद्या घालून द्याव्यात. मंडपवाल्यांकडे गाद्या आणि उशा भाड्याने मिळतात; ऐन खर्चाच्या काळात पाहुण्यांसाठी म्हणून पलंग विकत घेण्याची घाई करू नये.

विजेची बाब त्या मानाने लहान आहे. मंजूर भार, म्हणजे वीज कंपनीने त्या सदनिकेसाठी मान्य केलेली कमाल मागणी, बिलावर छापलेला असतो. प्रत्येकी दोन किलोवॉटचे दोन गिझर, इंडक्शन शेगडी आणि वातानुकूलन यंत्र ही सकाळी एकाच वेळी चालली तर हा भार सहज ओलांडला जातो आणि एमसीबी, म्हणजे जादा प्रवाह आपोआप तोडणारी कळ, पडते. पंचवीस लिटरचा गिझर साध्या पाण्यापासून पूर्ण तापण्यास सुमारे अर्धा तास घेतो, त्यामुळे आंघोळींचा क्रम आदल्या रात्रीच ठरवलेला बरा.

मुलांच्या आणि वृद्धांच्या सुरक्षिततेत मात्र कोणतीही तडजोड असू नये. खिडक्यांना आणि सज्जाला जाळ्या बसेपर्यंत लहान मुले असलेल्या कुटुंबाला मुक्कामाला बोलावूच नये, मग कोणाला कितीही वाईट वाटो. वृद्धांसाठी न्हाणीघरात धरायची दांडी, घसरत नाही अशी चटई आणि रात्रीचा मंद दिवा हवा. नव्या संकुलांत सर्व मजले आणि दारे इतकी सारखी असतात की फिरायला गेलेले आजोबा परतताना गोंधळतात, म्हणून इमारतीचे नाव, सदनिकेचा क्रमांक आणि घरातील एकाचा दूरध्वनी लिहिलेली चिठ्ठी त्यांच्या खिशात असावी. मुख्य प्रवेशद्वारावर मोबाइलवरून परवानगी घेण्याची पद्धत असेल, तर मुक्कामापुरती त्यांची नोंद आधीच करून ठेवावी. स्वतःच्या मुलाच्या घरी येताना पहारेकऱ्यासमोर ताटकळणे आई-वडिलांना अपमानाचे वाटते.

पैशाचा विषय आतिथ्याच्या संदर्भात काढणे अशिष्ट मानले जाते, पण तो टाळल्याने गैरसमज वाढतात. पन्नास लाखांच्या कर्जावर साडेआठ टक्के दराने वीस वर्षांसाठी मासिक हप्ता सुमारे ४३,४०० रुपये होतो; त्याआधी मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि अंतर्गत सजावट यांनी शिल्लक संपवलेली असते, आणि जुन्या घराचे भाडे काही काळ सुरूच असते. अशा वर्षात दोन्हीकडच्या माणसांसाठी सारख्याच थाटाचे आहेर करणे शक्य नसते, हे पती-पत्नींनी आधी आपसांत आणि मग दोन्ही घरांना एकाच वेळी सांगावे. सासरला एक आणि माहेरला दुसरे असे कळले की साध्या काटकसरीला पक्षपाताचे रूप येते. कोणी काय भेट देऊ असे विचारले, तर संकोच न करता पंखा, गाद्या किंवा पाणी शुद्ध करणारे यंत्र सुचवावे.

स्वयंपाकघराचा भार कोण वाहणार, हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारला जातो, तो आधी विचारायला हवा. डबे अजून खोक्यांत, गॅसचा एकच सिलिंडर, किराणा दुकान दूर, आणि सर्वांच्या वेळा निराळ्या, अशा स्थितीत दोन वेळचा स्वयंपाक एकट्या स्त्रीवर टाकणे हा अन्याय आहे, आणि ‘ती हौसेने करते’ या म्हणण्याने तो अन्याय सौम्य होत नाही. पोळ्यांसाठी बाई, रात्रीसाठी डबा आणि पुरुषांनी वाटून घेतलेली भांडी, ही व्यवस्था पाहुणे येण्याआधी ठरावी. सासूबाईंनी वा आईने फडताळ लावून देण्याची तयारी दाखवली तर ती आनंदाने स्वीकारावी, मात्र कोणते डबे कुठे हवेत हे ज्या हातांना रोज लागणार आहेत त्यांनीच सांगावे.

दीर्घ मुक्कामासाठी सर्वांत योग्य काळ पहिल्या पावसाळ्यानंतरचा असतो. बाहेरच्या भिंतींतील बारीक भेगा, खिडक्यांच्या चौकटीतून आत येणारे पाणी, सज्जाचा चुकलेला उतार हे सारे आषाढ-श्रावणातच दिसते, म्हणून तोपर्यंत कपाटे आणि गाद्या बाहेरच्या भिंतींपासून दूर ठेवाव्यात आणि दिसलेल्या ओलीची तक्रार तेव्हाच नोंदवावी. दिवाळीपर्यंत सुतार गेलेला असतो, वास विरलेला असतो, पाण्याची चणचण संपलेली असते आणि कोणत्या कपाटात काय आहे हे घरच्यांनाही ठाऊक झालेले असते; वास्तुशांतीला सकाळी येऊन संध्याकाळी परतलेल्या आई-वडिलांना त्या सुट्टीत निवांत पंधरा दिवस राहायला बोलावावे, आणि ते बोलावणे पूजेच्या दिवशीच, त्यांना निरोप देताना, तारखेसह द्यावे.