सही करण्याआधी वाच गं!

चिमे, अठरा पूर्ण झाली म्हणून घरात कौतुक चाललंय, स्कूटीचाही विषय निघालाय. त्याआधी एक काम उरक. मतदार यादीत नाव घाल. नमुना ६ भरायचा, अडलं तर आपल्या बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) मॅडमना विचारायचं. जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरची १ तारीख, यांपैकी कुठल्याही दिवशी अठरा पूर्ण असली की चालतं. तेव्हा ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणू नकोस.

यादीत नाव लागलं की तू ग्रामसभेचीही सदस्य. मत द्यायची वेळ पाच वर्षांतून येते, ग्रामसभा मात्र वर्षातून निदान चारदा भरते. आणि तिच्याआधी बायकांची वेगळी महिला सभा घ्यावी, असं आपल्या राज्याचा कायदाच सांगतो. बऱ्याच गावांत ती कागदावरच होते. शिपाई वही घेऊन दारोदारी फिरतो, पोळ्या लाटता लाटता बायका सह्या करतात आणि कोरम भरतो! तुझ्यापुढे वही आली तर आधी विचार, ‘वर ठराव कुठला लिहिलाय?’ कोऱ्या पानावर सही करायची नाही. कुणी चेष्टा केली तर करू दे.

महाराष्ट्रात पंचायतीच्या निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. तरी खुर्चीवर ती आणि बोलायला नवरा, हे आपण बघतोच. सभेत तू प्रश्न सरपंचबाईंनाच विचार. पहिल्यांदा त्या नवऱ्याकडे बघतील. तू थांब. उत्तर त्यांना द्यायला मिळालं पाहिजे.

प्रश्न मोठा नको, नेमका हवा. स्टँडपासून वाडीपर्यंतचे दिवे कधी लागणार? शाळेतल्या मुलींच्या संडासाला पाणी का नाही? तोंडी बोललीस ते हवेत जातं. अर्ज दे, पोच घे, प्रोसिडिंगमध्ये लिहिलं का ते बघ. टोलवाटोलवी झाली तर २००५ चा माहिती अधिकार आहेच: १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर.

आणि एक. दहावीपर्यंत प्रत्येक पुस्तकात संविधानाची उद्देशिका पाहिलीस. समता, बंधुता पाठ करून मार्कही मिळवलेस. आता सभेला जाशील तेव्हा बघ, वस्तीवरच्या बायका मागे, दाराशी बसलेल्या असतील. त्यांच्याशेजारी जाऊन बस. त्यांच्या नळाला पाणी येत नसेल तर तो प्रश्न त्यांनाच मांडू दे, त्यांचा आवाज दाबला गेला की मग तू उभी राहा. पंधरा ऑगस्टला झेंड्याला सलाम करतेस ना, मग त्यांच्यातल्या एखादीच्या घरचा चहा घ्यायला मन कचरतं का, तेही स्वतःला विचार.

पहिल्या सभेला आईला घेऊन जा. ‘स्वयंपाक कोण करणार?’ असं ती म्हणेलच. दादाला सांग, पिठाचा डबा फळीवर आहे.