जाड स्वेटर की फ्लीस? सहलीच्या थंडीतला उष्णतेचा धडा

डिसेंबरात ट्रेक ठरला की हमखास प्रश्न येतो, "सर, स्वेटर किती जाड देऊ?" मीही बरीच वर्षं "चांगला जाड द्या" एवढंच सांगायचो. मग १६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईवर एका पहाटे आम्ही मुलं घेऊन गेलो. सातवीतला एक मुलगा सुती बनियनवर जाडजूड स्वेटर घालून बारी गावातून निघाला. चढताना घामाने चिंब झाला, तरी स्वेटर काढेना. "आईने काढू नको सांगितलंय!" माथ्यावर वाऱ्यात थांबलो आणि थोड्याच वेळात त्याचे दात वाजायला लागले. कपडे भरपूर होते, पण आतून ओले.

वर्गात आपण शिकवतो की हवा उष्णतेची मंदवाहक आहे. कपडा ऊब तयार करत नाही. ऊब शरीराची असते, ती धरून ठेवते धाग्यांमध्ये अडकलेली हवा. त्या जागेत पाणी शिरलं की खेळ संपला, कारण पाणी हवेच्या सुमारे २५ पट जास्त उष्णता वाहून नेतं. आणि सुती कापड तर घाम पिऊन बसतं.

फ्लीस हे पॉलिस्टरचं विणलेलं कापड. ब्रशने त्याचे धागे उभे करतात, म्हणून ते मऊ, फुगीर लागतं आणि त्यात भरपूर हवा मावते. पॉलिस्टर पाणी जवळजवळ शोषत नाही, त्यामुळे ते लवकर वाळतं. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या माल्डन मिल्सने हे कापड आणलं. १९९३ पासून पॅटागोनिया कंपनी प्लास्टिकच्या बाटल्यांपासूनही ते बनवू लागली. (मुलांना ही बाटलीची गोष्ट फार आवडते.)

पण वारा फ्लीसमधून सरळ आरपार जातो. म्हणून त्याची जागा मधली. आत लवकर वाळणारा टी-शर्ट, वर विंडचीटर. चढताना फ्लीस सॅकमध्ये, थांबलं की लगेच अंगावर. शेकोटीपासून मात्र लांब ठेवा, ठिणगीने ते वितळतं.

वर्गात करून बघा. गरम पाण्याच्या तीन सारख्या बाटल्या घ्या. एकीला फ्लीस, दुसरीला फ्लीसवर प्लास्टिकची पिशवी, तिसरीला ओलं सुती फडकं गुंडाळा. पंखा लावा, दर पाच मिनिटांनी तापमान मुलांनाच लिहू द्या. आधी अंदाज मात्र फळ्यावर मांडून घ्या.




आता सहलीच्या सूचनेत मी "जाड स्वेटर" लिहीत नाही. "एक कोरडा टी-शर्ट जास्तीचा, आणि मुलाला गरम झालं तर कपडा काढायची परवानगी" असं लिहितो.