इन्कमटॅक्सची तक्रार : दराची की दप्तराची?

मार्च महिना जवळ आला की भोरच्या बाजारात आमच्या दुकानाच्या गादीवर एकच विषय निघतो, तो म्हणजे इन्कमटॅक्स. वेल्हे भागात (या तालुक्याचे नाव आता राजगड झाले आहे) शिलाईचे काम करणारा एक तरुण कारागीर नुकताच आमच्याकडे आला होता. दोन नव्या मशीनसाठी त्याला बँकेचे कर्ज हवे होते. बँकेने तीन वर्षांचे रिटर्न मागितले आणि त्याने एकही भरलेले नव्हते. म्हणाला, "चाचा, मी कर बुडवत नाही, कर लागावा एवढी माझी कमाईच नाही. मग कागद कशाचे भरायचे?" शेजारी बसलेल्या एका व्यापारी मित्राने लगेच तोडगा सांगितला, "भरूच नकोस. अमेरिकेतले लोकसुद्धा म्हणतात की हा करच बेकायदा आहे."

मित्राने ऐकले ते खरे आहे, पण अर्धेच. अमेरिकेत १९१३ साली घटनेत सोळावी दुरुस्ती होऊन इन्कमटॅक्स आला. ती दुरुस्ती नीट मंजूरच झाली नाही, मजुरी म्हणजे उत्पन्न नव्हे, कर भरणे ऐच्छिक आहे, असे सांगणारे लोक तिथे आहेत. तिथल्या न्यायालयांनी हे मुद्दे पुन्हा पुन्हा फेटाळले. असे फुकाचे रिटर्न भरणाऱ्याला पाच हजार डॉलर दंड आहे. या मताचा मोठा प्रचारक आयर्विन शिफ २०१५ साली कैदेतच मरण पावला. याच देशात कॅलिफोर्नियाच्या लोकांनी १९७८ साली दुसरी वाट धरली. घरपट्टीसारखा मालमत्ता कर फार वाढला, तेव्हा त्यांनी 'प्रपोझिशन १३' मतदानाला टाकून तो कर मालमत्तेच्या किमतीच्या एक टक्क्यावर बांधून घेतला. तक्रार दोघांचीही कराचीच होती. पहिल्याच्या हाती कोठडी आली, दुसऱ्यांच्या हाती कायदा आला.

आपल्याकडचा इतिहासही पाहावा. हिंदुस्थानात इन्कमटॅक्स १८६० साली जेम्स विल्सन याने आणला. १८५७ च्या उठावाचा खर्च भरून काढायचा होता. हा गृहस्थ मूळचा टोप्यांचा व्यापारी, म्हणजे आपल्याच जातकुळीचा! (भोर त्या वेळी पंतसचिवांचे संस्थान होते, इंग्रजी मुलखाचा हा कायदा इथे चालत नव्हता.) तो कर १८६५ साली गेला. १८७८ साली मुंबई इलाख्यात दुष्काळाच्या नावाने लायसन्स टॅक्स आला. तो व्यापारी आणि कारागिरांवर बसला, सरकारी नोकर आणि वकील-डॉक्टर त्यातून सुटले. सुरतेच्या व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवली, दंगल झाली, गोळीबार झाला. पैसे किती हा प्रश्न होताच, पण 'आमच्यावरच का?' हे दुःख मोठे होते. १८८६ च्या कायद्याने पगारदार आणि वकीलही करात आले, मात्र शेतीचे उत्पन्न बाहेर राहिले. ते आजही बाहेर आहे. वेल्ह्याचा शेतकरी आपला इंद्रायणी तांदूळ विकतो त्यावर कर नाही, तोच तांदूळ घेऊन विकणाऱ्या दुकानदाराच्या नफ्यावर आहे. लहान शेतकऱ्याबद्दल आमची तक्रार नाही. पण हा प्रश्न दीडशे वर्षे होत आली तरी सुटलेला नाही.

आता जवळचे उदाहरण. १ एप्रिल २०१३ पासून पुण्यात जकातीऐवजी एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर लागू झाला. (नाक्यावरच्या वसुलीला मराठीत 'जकात' म्हणतात, शब्द आपल्याच ओळखीचा, अर्थ मात्र किती वेगळा!) पुण्याच्या व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवली. ऐन लग्नसराईत रविवार पेठेतून माल मिळेना, आमचीही कपाटे रिकामी झाली. पण त्यांची मागणी ऐकण्यासारखी होती. कर नको असे ते म्हणत नव्हते. हवा तर व्हॅटवर अधिभार लावा, पण वेगळी नोंदणी, वेगळे दप्तर आणि वेगळा इन्स्पेक्टर नको, असे त्यांचे म्हणणे होते. १ ऑगस्ट २०१५ पासून वर्षाला ५० कोटींच्या आत उलाढाल असणाऱ्यांचा एलबीटी गेला. आमच्या मते त्या लढ्याचे बळ यातच होते की व्यापारी पर्याय हातात घेऊन बोलत होते.

दप्तराचा त्रास आम्हीही सोसला आहे. आमच्या वालिदांच्या वह्या उर्दूत असत आणि आमचे शिक्षणही उर्दू शाळेतले, म्हणून आम्ही तीच रीत चालवली. एका कर सल्लागाराने वह्या मराठीत उतरवून घेण्याचे वेगळे पैसे लावले. त्या वर्षी करापेक्षा त्याची फी जास्त झाली. लहान माणसाला खरा जाच इथेच होतो.

सरकारला हे कळत नव्हते असे नाही. १९९२ साली पाच लाखांपर्यंत विक्री असणाऱ्या लहान किरकोळ दुकानदारासाठी सरसकट १४०० रुपयांची योजना निघाली. १९९७ साली किरकोळ व्यापाऱ्याचा नफा विक्रीच्या पाच टक्के धरण्याची सोय झाली. पुढे ती बंद होऊन २०१०-११ पासून कलम ४४एडीखाली आठ टक्के आले. नंतर बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या रकमेवर सहा टक्के झाले. मर्यादा दोन कोटींची, रोखीची जमा पाच टक्क्यांच्या आत असेल तर तीन कोटींची. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही ही सोय ठेवली आहे, कलमाचा आकडा तेवढा बदलला.

समजा ८० लाखांची विक्री आहे, ५० लाख रोख आणि ३० लाख यूपीआयने. रोखीचे आठ टक्के म्हणजे चार लाख, बाकीचे सहा टक्के म्हणजे १ लाख ८० हजार. उत्पन्न ५ लाख ८० हजार धरले. वह्या दाखवण्याचे काम नाही. २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. रिटर्न मात्र भरावेच लागते.

यातही आमची तक्रार आहेच. स्वस्त कापडाच्या दुकानात सगळा खर्च जाऊन आठ टक्के कुठे उरतात? कमी दाखवायचे तर वह्या ठेवा, वेळप्रसंगी ऑडिट करा. आणि पाच वर्षांच्या आत ही सोय सोडली तर पुढची पाच वर्षे ती परत मिळत नाही. उलट शिलाईवाल्याचे भांडवल म्हणजे हात, त्याचा नफा विक्रीच्या निम्मासुद्धा असतो. दोघांना एकच माप लावणे हे न्यायाचे नाही. व्यापारी संघटनांनी धंद्यानुसार वेगळा टक्का मागावा, आणि सोबत आपल्या वह्यांतले आकडे ठेवावेत.

त्या कारागिराला आम्ही समोर बसवून हिशेब केला. वर्षाची शिलाई नऊ लाख. टक्केवारीने उत्पन्न सत्तर हजारांच्या आसपास निघत होते. पण धागा, अस्तर, वीज आणि मदतनीस वजा जाता खरे साडेचार लाख उरत होते. टक्केवारीपेक्षा जास्त कमाई असेल तर जास्तच दाखवावी लागते, हे त्याला सांगितले. साडेचार लाखांवर कर शून्य, आणि सत्तर हजारांच्या कमाईवर कोणती बँक कर्ज देणार? 'सुगम' नावाचा फॉर्म त्याने भरला. मागची वर्षे हातची गेली, बँकेने अजून थांबायला सांगितले आहे. तोवर तो रोजची शिलाई एका वहीत लिहितो, उर्दूत नव्हे, मराठीत.