दिवस नका मोजू, मुक्काम मोजा

"वहिनी, लेहला पोहोचून खोलीत नुसतं पडून राहायचं म्हणजे पैसे भरलेला एक दिवस फुकट!" आमच्या टूरवाल्यांचं हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. मी तीनदा विचारलं होतं. एकदा त्यांच्या ऑफिसात, एकदा फोनवर आणि एकदा ॲडव्हान्सचा चेक देताना. बरोबर दहा वर्षांचा मुलगा आहे, अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई आहेत, विश्रांतीचे दिवस वाढवता येतील का? तिन्ही वेळा उत्तर एकच, "काही होत नाही." तेव्हा "एवढ्या लहान पोराला न्यायचंच कशाला" असं जे नातेवाईक आता म्हणतात, त्यांनीही हे वाचावं.

कार्यक्रम कागदावर सुरेख होता. पहिल्या दिवशी सकाळी विमानाने लेह, संध्याकाळी शांती स्तूप. दुसऱ्या दिवशी खारदुंगला ओलांडून नुब्रात हुंदर. तिसऱ्या दिवशी श्योक नदीच्या काठाने थेट पँगाँग आणि तिथेच तंबूत मुक्काम.

आम्ही सगळे सासूबाईंवर डोळा ठेवून होतो. निघण्याआधी त्यांचा ईसीजी काढला, गोळ्यांची डबी भरली, रुमालात कापराची पुरचुंडी बांधून दिली. त्या मात्र हुंदरच्या दोन मदारींच्या उंटावर बसून खुशीत होत्या. मुलाकडे कुणाचं लक्ष नव्हतं. श्योकच्या रस्त्याला लागल्यापासून तो गप्प होता. संध्याकाळी मॅगी समोर आली तर त्याने वाटी सरकवून दिली. एरवी मॅगीवरून बहिणीशी भांडणारा मुलगा! मला वाटलं, मोबाइल काढून घेतला म्हणून रुसलाय. मी रागावलेसुद्धा.

रात्री दीडच्या सुमारास तो लघवीला उठला. पलंगापासून बाथरूमच्या पडद्यापर्यंत सातआठ पावलं. चारपाच पावलांवर तो एका बाजूला कलंडला, भिंत समजून तंबूच्या कापडाला धरायला गेला आणि तिथेच बसला. "झोपेत आहेस का रे?" मी विचारलं. त्याने डोळे उघडे ठेवून माझ्याकडे पाहिलं आणि मला "आजी" म्हणाला. त्या एका शब्दाने माझ्या पोटात खड्डा पडला.

कॅम्पचा मॅनेजर उठला तो जांभया देतच. "ठंड लगी होगी मॅडम, सुबह तक ठीक हो जाएगा." ऑक्सिजनचा डबा हातात दिला आणि गेला. तो डबा काही मिनिटांत संपला. आमचे दोन्ही फोन लेहला उतरल्यापासून मुके होते. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड कार्ड लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं, एवढी साधी गोष्टही आम्हाला कुणी सांगितली नव्हती. मॅनेजरच्या फोनवरून टूरवाल्यांना लावला, तर त्यांनी उचलला नाही.

आमच्या मुलाला वाचवलं ते ड्रायव्हरने. त्यांना सगळे आचोले म्हणायचे. त्यांनी कोट चढवला, मुलाला उभं केलं आणि टाचेला बोट लावून सरळ रेषेत चालायला सांगितलं. त्याला दोन पावलंही नीट टाकता येईनात. "नीचे. अभी," एवढंच ते बोलले. सासूबाईंना "अमाले, आप आराम करो" म्हणून धीर दिला आणि गाडी सुरू केली.

त्या रात्री मला आणखी एक गोष्ट कळली. पँगाँगहून लेहला जायचं तर आधी ‘चांग ला’ खिंड चढावी लागते, सतरा हजार फुटांहून उंच. आजारी मूल घेऊन उतरायच्या ऐवजी चढायचं! म्हणून आचोलेंनी आम्हाला तांगत्सेला नेलं. ते पँगाँगपेक्षा खाली आहे आणि तिथे सरकारी आरोग्य केंद्र आहे. तिथल्या तरुण डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला, इंजेक्शन दिलं आणि मग पहिला प्रश्न विचारला, "कल रात कहाँ सोए थे?"

मी हुंदर म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. लेह साधारण ११,५०० फूट, हुंदर १०,००० च्या आसपास आणि पँगाँग १४,००० फूट. म्हणजे एका रात्रीतून दुसऱ्या रात्रीत चार हजार फुटांची उडी. तीन हजार मीटरच्या वर रोजचा मुक्काम ५०० मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये, असा नियम आहे. ५०० मीटर म्हणजे सोळाशे फूट. दिवसा खिंडीवर जाऊन खाली आलात तर शरीर बरंच निभावून नेतं. खरा प्रश्न तुम्ही झोपता कुठे हा.

सकाळी मुलगा मला पुन्हा आई म्हणू लागला. ऑक्सिजन चालू ठेवून ‘चांग ला’ ओलांडला, लेहच्या रुग्णालयात दोन रात्री काढल्या. आता तो ठणठणीत आहे.

टूरवाल्यांचा फोन आला सकाळी आठला. "तुमच्या मुलाची प्रकृतीच नाजूक असेल. बाकीचे सगळे मजेत आहेत ना?" हा मुलगा रोज फुटबॉल खेळतो, पोहतो. उंचीचा त्रास कुणाला होईल हे दंडाच्या ताकदीवर ठरत नाही, वयावरही नाही. उलट धडधाकट माणूस पहिल्याच दिवशी उड्या मारतो आणि गोत्यात येतो. पैसे परत मिळाले नाहीत ते नाहीतच. पण त्या "नाजूक" शब्दाची माफी तरी मागायला हवी होती.

तर ज्यांना मुलाबाळांसकट जायचंय त्यांनी कार्यक्रमाच्या कागदावर प्रत्येक मुक्कामापुढे त्याची उंची लिहून मागावी. लिहून देत नसतील तर ॲडव्हान्स देऊ नका. विमानाने जाणार असाल तर लेहमध्ये निदान दोन रात्री काढा आणि पहिला दिवस अक्षरशः अंथरुणात घालवा. मग नुब्रात दोन रात्री. पँगाँग शेवटी, आणि लहान मुलं असतील तर मुक्काम न करता लेहहून सकाळी निघून रात्री परत या. दमणूक होते, पण झोपायला खाली येता. त्सो मोरीरी तर पँगाँगहूनही उंच आहे, पहिल्या फेरीत नकोच. सवड असेल तर श्रीनगरवरून कारगिलला मुक्काम करत चढा. मनालीच्या रस्त्यावर सरचूचा मुक्काम पुन्हा चौदा हजारांवरच असतो.

उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी घ्यायची की नाही हे घरच्या डॉक्टरांना विचारा, सल्फाची ॲलर्जी असेल तर आवर्जून सांगा. मुलांना किती द्यायची हेही तेच ठरवतील. कापूर हुंगून काही होत नाही. ऑक्सिमीटरवर लेहमध्ये ८५–९० दिसलं म्हणून घाबरू नका, आणि आकडा बरा दिसला म्हणून निर्धास्तही राहू नका. मूल जेवत नाही, खेळत नाही, उगाच किरकिर करतंय, तर ते रुसलंय असं समजू नका. डोकं दुखत असेल तर आणखी वर जायचं नाही. तोल जात असेल, बोलणं असंबद्ध होत असेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल तर सकाळची वाट न पाहता खाली उतरायचं.

टोप्या, सनस्क्रीन, गरम कपडे, भरपूर पाणी हे सगळे सांगतातच. रोख पैसे ठेवा. लेहची विमानं हवामानामुळे रद्द होतात, तेव्हा परतीच्या दिवशी दिल्लीहून पुढचं घट्ट वेळेचं तिकीट काढू नका. आणि जिथे मुक्काम करणार तिथून सर्वांत जवळचं, खालच्या अंगाला असलेलं आरोग्य केंद्र कुठलं, हे संध्याकाळीच ड्रायव्हरला विचारून ठेवा.

माझी नणंद जूनमध्ये जातेय. तिच्या कार्यक्रमपत्रिकेवर मी सगळ्या उंच्या लाल पेनाने लिहून दिल्या. तिने टूरवाल्यांकडून दोन दिवस वाढवून घेतले.