घराच्या नकाशाला बक्षीस

चित्रकला, संगीत, वास्तुकला यांना नोबेल पारितोषिक नसते. पण जपानमध्ये १९८९ पासून कलावंतांना एक मोठे बक्षीस देतात. नाव जरा अवघड आहे, प्रेमियम इंपेरियाले. चित्रे, शिल्पे, इमारती, संगीत आणि नाटक-सिनेमा यांसाठी ते असते. सतारवादक रविशंकर यांना ते १९९७ साली मिळाले.

मला मात्र चार्ल्स कोरिया यांचे जास्त आवडले. त्यांना १९९४ साली वास्तुकलेचे मिळाले. त्यांनी नवी मुंबईत बेलापूरला घरे आखली. सात घरांना मिळून एक अंगण. कोणाचीच भिंत सामाईक नाही, म्हणून घरात माणसे वाढली की खोली वाढवता येते. माझे वडील गवंडी आहेत. त्यांना हे वाचून दाखवले तर म्हणाले, "भिंत सामाईक नाही म्हणजे भांडण पण नाही!" मग त्यांनी विचारले, "बांधली कोणी?" मी सांगितले, साध्या गवंड्यांना बांधता येतील अशीच ती आखली होती.